सरासरीबाहेरचा प्रेक्षक

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छपाईसाठी किरकोळ काटछाट केली आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना मी पाहिलेलं नाही. पण चिटणीसांनी फोनवर त्यांची एक हकीकत सांगितली. वाचनालयात टीव्ही घ्यावा असा ठराव आला तेव्हा गुरुजींनी तो मंजूर होऊ दिला, मात्र एक पोटकलम घातलं: जाहिराती सुरू झाल्या की आवाज बंद करायचा आणि ते काम शिपायाचं. रिमोट नव्हता, म्हणून शिपाई टीव्हीशेजारी स्टूल टाकून बसायचा. अशा माणसाच्या नावाने चालणाऱ्या मालेत माझा विषय खपेल की नाही, ही शंका तिथेच मिटली. समितीतल्या एका सदस्यांची मात्र मिटलेली नाही असं कळलं. ‘मागच्या वर्षी संविधान आणि यंदा साबणाच्या जाहिराती?’ असं ते म्हणाले म्हणे. ते समोरच बसले आहेत. त्यांनी तासभर धीर धरावा.

मी बरीच वर्षं मुंबईत एका जाहिरात संस्थेत मीडिया प्लॅनिंग केलं. जाहिरात कशी दिसावी, तिच्यात कोण नाचावं, गाणं कसं असावं हे ठरवणारी मंडळी वरच्या मजल्यावर बसत. ती कुठल्या चॅनेलवर, किती वाजता आणि किती वेळा दिसावी, हे आमच्या मजल्यावर ठरायचं. लोक जाहिरातीवर वैतागतात तेव्हा शिव्या वरच्या मजल्याला देतात. काय तो नट, काय ती धून, काय ते दात! माझं म्हणणं असं आहे की या चिडीतला मोठा वाटा आमच्या मजल्यावर तयार होतो. तिथे ना नट असतो ना धून. तिथे असतो एक तक्ता आणि त्या तक्त्यात चीड या गोष्टीला रकाना नसतो.

वरच्या मजल्याचा हिशेब मात्र आधी चुकता करते, कारण त्यांनाही सोडायचं नाही.

जगातली पहिली रीतसर टीव्ही जाहिरात १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसली. बेसबॉलच्या सामन्याआधी, बुलोवा घड्याळाची, जेमतेम दहा सेकंदांची. आपल्याकडे व्यापारी जाहिरात आधी कानावर आली, १९६७ साली विविध भारतीवरून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण दूरदर्शनवर जाहिराती यायला १ जानेवारी १९७६ उजाडावा लागला. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला त्या कुणाला टोचल्या नाहीत. काळ्यापांढऱ्या पडद्यावर शेतीविषयक चर्चा चालू असताना तीस सेकंद कुणी गाणं म्हणत असेल तर माणसं मान वर करून बघायची. पोरं त्या धुनी शाळेच्या डब्यासोबत घेऊन जायची. १९८४ मध्ये मॅगीच्या प्रायोजकत्वाखाली ‘हमलोग’ आलं, १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागलं. त्याच्याआधी जाहिरातींची लांबलचक रांग असायची. आमच्या वाड्यात त्या रांगेचा उपयोग घड्याळासारखा व्हायचा. निरमाची धून ऐकू आली की अजून अवकाश आहे, आंघोळ उरकून घ्या.

त्याच दशकात ललिताजी आल्या. निरमाने बाजार स्वस्ताईवर खेचला होता. महागड्या सर्फचं समर्थन कसं करायचं, हा हिंदुस्थान लिव्हरपुढचा प्रश्न होता. अलेक पदमसी यांच्या लिंटासने उत्तर म्हणून एक बाई उभी केली. निळ्या काठाची पांढरी साडी, कपाळाला कुंकू, हातात पिशवी आणि भाजीवाल्याशी घासाघीस करून आल्यावर आपल्यालाच हिशेब समजावून सांगणारी. कविता चौधरींनी ती केली. पुढे ‘उडान’ मालिका लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि तीत काम करणाऱ्या त्याच. आता बघा, ललिताजी अक्षरशः उपदेश करत होत्या. कॅमेऱ्याकडे रोखून बघत, स्वर चढा. आमच्या घरात माझ्या काकांना ती बाई सहन होत नसे. ‘बायको काय कमी आहे, आता ही पण!’ असं म्हणायचे. पण काकू सर्फ आणायच्या. काकांचं वैतागणं आणि काकूंचं पटणं एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच तीस सेकंदांत घडत होतं. तेव्हा ‘ही जाहिरात चीड आणते’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कुणाला?

या प्रश्नाला बगल देऊन जाहिरात धंद्याने एक दंतकथा बाळगली आहे. ती अ‍ॅनासिनची. १९५०च्या दशकात अमेरिकेत टेड बेट्स या संस्थेतल्या रॉसर रीव्ह्ज यांनी डोकेदुखीच्या या गोळीची जाहिरात केली. डोक्याच्या आकृतीत तीन चौकोन. एकात हातोडा ठकठक आपटतोय, दुसऱ्यात स्प्रिंग आवळतेय, तिसऱ्यात वीज कडाडतेय. ज्याला डोकेदुखी नव्हती त्यालाही ती लागावी अशी ही जाहिरात. लोक तिचा द्वेष करतात हे रीव्ह्जना ठाऊक होतं आणि ते ते अभिमानाने सांगत. दीड वर्षात विक्री १ कोटी ८० लाख डॉलरवरून ५ कोटी ४० लाख डॉलरवर गेली, असा त्यांचा दावा. तेव्हापासून ‘चिडू देत, पण लक्षात राहील’ हे वाक्य धंद्यात वेदवाक्यासारखं फिरतं. क्लायंटच्या बैठकीत कुणी नव्या पोराने ‘ही जाहिरात फार त्रास देते’ असं म्हटलं की जुना कुणीतरी अ‍ॅनासिन काढतो, म्हणजे गोष्ट काढतो, गोळी नव्हे.

त्या गोष्टीत एक मोठं भोक आहे. रीव्ह्जच्या प्रेक्षकाकडे जायला जागा नव्हती. तीन नेटवर्कं, बटण फिरवायला उठून जावं लागे, आणि तिन्हीकडे जाहिराती. शिवाय डोकेदुखीची गोळी ही दुखताना घ्यायची वस्तू. दुखणाऱ्या माणसाला आवडनिवड राहत नाही. त्या यशावरून लग्नातल्या शालूची, कर्जाची किंवा शिकवणी वर्गाची जाहिरात कशी करायची याचा नियम काढणं म्हणजे तापात पथ्य सांगितलं म्हणून आयुष्यभर पेजच खायची.

चीड नेमकी कशाने येते, हे मोजायचा एक गंभीर प्रयत्न १९८५ मध्ये डेव्हिड आकर आणि डोनाल्ड ब्रुझोन या दोघांनी केला. अमेरिकेत रात्रीच्या मुख्य वेळेत दिसलेल्या ५२४ जाहिराती त्यांनी तपासल्या. निष्कर्ष वाचताना मला आपल्याच चॅनेलवरचा ब्रेक दिसायला लागतो. प्रसंग बनावट आणि अविश्वसनीय असला की चीड येते. कुणाला तरी कमी लेखलं, घरातलं नातं पणाला लावलं, शारीरिक त्रास डोळ्यांत भरेल असा दाखवला, की चीड येते. ऊब असली, माहिती पटण्यासारखी असली, सांगणारा विश्वासू वाटला, तर ती उतरते. म्हणजे सासू चहाचा घोट घेऊन सुनेकडे जो कटाक्ष टाकते तो, शर्टाच्या कॉलरवरून बायकोची लायकी ठरवणारा नवरा, आणि माईक घेऊन थेट बाथरूममध्ये घुसून तुमच्या टूथपेस्टची चौकशी करणारी ती बाई, हे सगळे त्या यादीत बसतात. अहो, दार वाजवायची तरी पद्धत आहे.

कमी लेखण्याची जाहिरात आपल्याकडे एका वस्तूने कळसाला नेली. गोरेपणाच्या क्रीमने. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. तिच्या जाहिरातींतल्या एकीत मुलगा नाही म्हणून हळहळणारा बाप, ते ऐकणारी सावळी मुलगी, क्रीम, आणि मग विमानात नोकरी. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध तक्रारींचा पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये अशा दोन जाहिराती पडद्यावरून गेल्या. क्रीमचं नाव बदलायला मात्र २०२० उजाडलं. इथे एक गोष्ट नोंदवते. या जाहिरातींनी चिडलेल्या बायका आणि त्या बघून क्रीम आणणाऱ्या बायका वेगळ्या होत्या असं समजू नका. मी स्वतः दोन्ही गटांतल्या मैत्रिणी ओळखते आणि त्यातल्या काही दोन्हीकडे होत्या.

अवघडलेपणाला मात्र मी चीड म्हणणार नाही. घरात सगळे बसलेले असताना सॅनिटरी पॅडची किंवा निरोधची जाहिरात लागली की बाबा वर्तमानपत्र उघडतात, ही आपली जुनी कसरत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने चॅनेलांना सांगितलं की निरोधच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच दाखवा. हा इलाज मला पटला नाही. ज्या वस्तूची माहिती लोकांना हवी तिला रात्रपाळी आणि पोटाचा घेर आठवड्यात कमी करणारा पट्टा भर दुपारी, हे वेळापत्रक कुणाच्या सोयीचं?

आता मजला बदलू.

टीव्हीवरची वेळ दहा सेकंदांच्या मापाने विकली जाते. दर दहा सेकंदांचा बोलतात. वीस सेकंद घेतलेत तर दुप्पट, तीस घेतलेत तर तिप्पट. त्यामुळे वरच्या मजल्याने जीव ओतून केलेली साठ सेकंदांची गोष्ट पहिल्या आठवड्यात दिसते, मग तीसची होते, मग वीसची, आणि शेवटी उरतात ते दहा सेकंद. आई नाही, मुलगा नाही, पाऊस नाही. नुसता डबा, धून आणि किंमत. तुम्हाला जी जाहिरात असह्य वाटते ती पुष्कळदा एका बऱ्या जाहिरातीचं हे चघळून उरलेलं चिपाड असतं. मराठी चॅनेलांवर त्यात आणखी एक भर: मूळ हिंदीत चित्रित केलेली, त्यावर मराठी आवाज चढवलेला. ओठ एक म्हणतात, कान दुसरं ऐकतो. कामाच्या घाईत हे क्षम्य मानलं जातं. दिवसाला पंचवीस वेळा बघणाऱ्याला ते क्षम्य वाटत नाही.

आणि इथे आपण खऱ्या मुद्द्याशी आलो: पंचवीस वेळा कोण बघतं?

मोहीम आखताना आम्ही दोन आकडे बघायचो. जाहिरात किती टक्के लोकांपर्यंत पोचली, ती रीच. पोचलेल्यांनी सरासरी किती वेळा पाहिली, ती फ्रिक्वेन्सी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे जीआरपी, आणि क्लायंट विकत घेतो ते जीआरपी. समजा दहा घरं आहेत आणि त्यांत मिळून एक जाहिरात चाळीस वेळा दिसली. सरासरी चार. बैठकीत सगळे समाधानी, कारण चार हा आकडा सभ्य दिसतो. पण उघडून बघा. सात घरांत मिळून दहा वेळा, कारण तिथली माणसं कामावर जातात, रात्री तासभर बातम्या आणि झोप. दोन घरांत पाच-पाच वेळा. आणि उरलेल्या एका घरात वीस वेळा. बेरीज बरोबर चाळीस. चार वेळा बघणारं घर या दहांत एकही नाही.

ते वीसवालं घर कुणाचं? पाय मोडून पडलेल्या आजोबांचं. मुलं परदेशात असलेल्या बाईंचं, ज्यांच्या घरी टीव्ही हा सोबतीचा आवाज म्हणून चालू असतो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना पुनःप्रक्षेपण बघणाऱ्या माणसाचं. म्हणजे ज्याच्या जीवावर चॅनेल चालतं, त्या सर्वांत निष्ठावान प्रेक्षकाचं. आपल्यासारखी माणसं, जी ‘मी टीव्ही फारसा बघतच नाही’ असं सांगतात आणि मग जाहिरातींवर लेख लिहितात, ती या दहांतली पहिली सात घरं. आपल्याला येतो तो वैताग. त्या एका घरात जे साचतं ते निराळं असतं. आणि तिथून तक्रारीचं पत्र कधी येत नाही.

हे असं का होतं याला एक शास्त्रीय दिसणारं कारणही आहे. १९७२ मध्ये हर्बर्ट क्रुगमन या मानसशास्त्रज्ञाने लिहिलं की जाहिरात तीन वेळा पाहणं पुरेसं ठरू शकतं. पहिल्यांदा ‘हे काय आहे?’, दुसऱ्यांदा ‘माझा काय संबंध?’, तिसऱ्यांदा आठवण. पुढचं सगळं त्या तिसऱ्याचीच उजळणी. त्याचा रोख ‘तीन झाले की बास’ असा होता. धंद्याने त्याचा अर्थ ‘निदान तीन तरी’ असा घेतला. आमच्या बोलीत त्याला ‘थ्री प्लस’ म्हणत. आता गंमत बघा. जो माणूस टीव्ही क्वचित लावतो त्याला तीन वेळा गाठायचं असेल तर सगळीकडे इतके स्पॉट पेरावे लागतात की जो दिवसभर बघतो त्याच्या वाट्याला तीस येतात. टीव्हीचं प्रक्षेपण सगळ्या घरांना एकच. एका घरात थांबव, दुसऱ्यात दाखव, असं करता येत नाही. न बघणाऱ्याचा पाठलाग चालू असतो आणि मार बघणाऱ्याला बसतो.

हा मार मोजायचं यंत्र आहे का? नाही. टीआरपीसाठी निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. २०१५ पासून हे आकडे बार्क ही संस्था देते. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं. बघायला बसलात की दाबायचं, उठलात की पुन्हा दाबायचं. आजी बसल्या होत्या हे त्या यंत्राला कळतं. आजींनी दात-ओठ खाल्ले हे कळत नाही. दात-ओठ खात बसलेल्या आजी आणि कौतुकाने बघणाऱ्या आजी, दोघींची किंमत तिथे सारखीच.

आवाजाची गोष्ट याच्या उलटी आहे, आणि म्हणून मला ती फार आवडते. जाहिरात लागली की आवाज वाढतो, अशी प्रत्येक घरातली तक्रार असते. चॅनेलवाले वर्षानुवर्षं शपथेवर सांगायचे की आम्ही आवाज वाढवत नाही. दोघंही खरं बोलत होते. ध्वनीला वरची एक मर्यादा असते, तिच्या पलीकडे जाता येत नाही. मालिकेत कुजबुज असते, शांतता असते, मधेच एखादी किंकाळी असते. ती मर्यादा क्वचितच गाठली जाते. जाहिरातीत कॉम्प्रेशन करून दबका आवाजही वर उचलतात, सगळंच मर्यादेला चिकटवून ठेवतात. कमाल आवाज दोन्हींचा सारखाच भरतो. कान मात्र कमाल मोजत नाही, तो एकंदर भडिमार मोजतो. म्हणजे आवाजात सरासरी बघायला हवी होती तिथे लोक शिखर बघत बसले, आणि फ्रिक्वेन्सीत शिखर बघायचं तिथे सरासरी. २००६ मध्ये एकंदर जाणवणारा आवाज मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. अमेरिकेने त्यावर आधारित कायदा २०१० मध्ये केला आणि डिसेंबर २०१२ पासून लागू केला: जाहिरात कार्यक्रमापेक्षा मोठ्याने बोलणार नाही.

आपल्याकडे? १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांत जाहिरातीचं चित्र आणि आवाज फार ‘लाउड’ नसावेत असं लिहिलेलं आहे. फार म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती नकोत, त्यातली दहा व्यापारी आणि दोन चॅनेलच्या स्वतःच्या, हेही त्याच नियमांत आहे. मे २०१२ मध्ये प्रसारणाची नियामक संस्था असलेल्या ट्रायने हिंमत केली. बारा मिनिटं तर होतीच. शिवाय दोन ब्रेकमध्ये किमान पंधरा मिनिटं, सिनेमात तीस. पडद्याच्या कोपऱ्यातून घुसणाऱ्या पट्ट्या बंद. आणि जाहिरातीचा आवाज कार्यक्रमापेक्षा वर नाही. ते विनियम मी तेव्हा कार्यालयात छापून घेतले होते. वाचताना वाटलं, कुणीतरी खरंच घरी बसून टीव्ही पाहिलाय. चॅनेलं लवादाकडे गेली. मार्च २०१३ मध्ये दुरुस्ती आली, तेव्हा बारा मिनिटं उरली आणि बाकीचं गळालं. मग त्या बारा मिनिटांनाही आव्हान मिळालं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. चॅनेलांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हेही सांगते. वर्गणीतून त्यांना पुरेसं मिळत नाही, बातम्यांची चॅनेलं तर जवळपास जाहिरातींवरच जगतात. पण आवाजाच्या कलमाने कुणाचं दिवाळं निघणार होतं, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

क्रिकेटबद्दल न बोलता खाली उतरले तर तरुण मंडळी सोडणार नाहीत. षटकाचा सहावा चेंडू पडतो न पडतो तोच गुटख्याची भावंडं असलेली वेलची हजर. गोलंदाज बदलला, क्षेत्ररक्षण हललं, कप्तान काय बोलला, हा खेळातला निम्मा खेळ. तो आपल्याला दिसत नाही. परतावं तर पुढच्या षटकाचा पहिला चेंडू हवेत. २००८ मध्ये आयपीएल आली तेव्हापासून तर ब्रेकची वाटही पाहावी लागेना. षटकार म्हणजे ‘डीएलएफ मॅक्झिमम’, झेल म्हणजे ‘कार्बन कमाल कॅच’, आणि हे समालोचकांच्या तोंडून. २००९ मध्ये डावात साडेसात मिनिटांचा ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’ आला. खेळाडूच इतके कुरकुरले की पुढच्या वर्षी त्याचे अडीच-अडीच मिनिटांचे दोन तुकडे झाले. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ च्या अहवालात क्रिकेटचा कारभार सुधारायला ज्या शिफारशी केल्या त्यात एक प्रेक्षकांसाठी होती: कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांत जाहिराती फक्त पाणी, जेवण आणि चहाच्या वेळी. बाकी पूर्ण पडदा खेळाला. क्रिकेट मंडळाने उत्पन्न बुडेल म्हणून आकांत केला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी जुलैत समितीचं बहुतेक सगळं मान्य केलं, हा एक मुद्दा मात्र मंडळावरच सोपवला. मंडळाने काय केलं हे तुम्ही दर षटकाला बघताच.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं एक संशोधनही सांगायला हवं, नाहीतर समोरचे सदस्य उद्या मला ते पाठवतील. २००९ मध्ये नेल्सन, मेव्हिस आणि गलाक या तिघांनी दाखवलं की काही कार्यक्रम जाहिरातींसह पाहिलेल्यांना ते सलग पाहिलेल्यांपेक्षा अधिक आवडले, आणि आपल्याला सलगच आवडेल असं मात्र लोक आधी सांगत होते. कारण सरळ आहे. सुख सलग मिळालं की त्याची सवय होते, मधे अडथळा आला की पहिल्यापासून चव येते. मी हे मानते. आपल्या दैनंदिन मालिका तर या तत्त्वावरच लिहिल्या जातात. दार उघडतं, कुणीतरी आत येतं, तीन चेहऱ्यांवर तीन वेळा कॅमेरा धडकतो आणि ब्रेक. त्या मालिकेतून जाहिराती काढल्या तर उरणारी बावीस मिनिटं मला बघवणार नाहीत. पण ज्या कार्यक्रमाची सवय होऊन कंटाळा येत नाही, जो दर क्षणाला नवं काही देतो, त्याला अडथळ्याने काही मिळत नाही, हेही त्याच संशोधनात आहे. आणि पाहणाऱ्यांना तिथे एकच भाग दाखवला होता. वर्षभर रोज तीच जाहिरात दाखवली नव्हती.

मध्यरात्रीनंतरचा टीव्ही बघितलाय का कुणी? तिथे दहा सेकंदांचं माप संपतं. अर्धा-अर्धा तास एकच माणूस एकच ताईत विकतो. ओळखीचा नट येऊन सांगतो की धंदा बुडाला होता, यंत्र घरात आणलं आणि भरभराट झाली. फोन नंबर पडद्यावरून हलत नाही. ‘हनुमान चालिसा यंत्रा’च्या अशा जाहिरातींचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. जानेवारी २०२१ मध्ये खंडपीठाने निकाल दिला की देवाच्या नावाने, चमत्काराचे दावे करून अशा वस्तू विकणाऱ्या टीव्ही जाहिराती आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहेत. ज्या कायद्यासाठी डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि ज्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर निघाला, तो कायदा असा टीव्हीच्या ब्रेकपर्यंत पोचला. त्या वेळी कोण जागं असतं? झोप न येणारा, कर्ज झालेला, आजाऱ्याच्या उशाशी बसलेला. पुन्हा तेच घर.

अलीकडे या धंद्यात एक नवी गोष्ट घडली. चीड पहिल्यांदा हिशेबाच्या वहीत आली, आणि आली ती जमेच्या बाजूला. २०१० च्या अखेरीस यूट्यूबने पाच सेकंदांनी जाहिरात टाळायचं बटण दिलं. ती सवलत होती. मग जाहिराती नको असतील तर पैसे भरा अशी योजना आली. जून २०२५ पासून अ‍ॅमेझॉन प्राइमने भारतात सभासदत्वाचे पैसे भरलेल्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मागितले. म्हणजे आता चिडीला दर आहे. जाहिरात जितकी त्रासदायक तितका तो दर भरावासा वाटणार. रीव्ह्जना निदान गोळी विकायची होती.

ज्यांना परवडतं ते ६९९ रुपये भरून बाहेर पडतील. डीडी फ्री डिशवर दरमहा पैसे लागत नाहीत, छपरावर एक छत्री बसवली की झालं. तिथल्या प्रेक्षकाला भरायला रक्कमही नाही आणि दाबायला बटणही नाही. एकेकाळी वाड्यात सगळ्यांनी मिळून एकच रांग सोसली. पुढे जाहिराती सोसणारा वर्ग आणि त्यांतून सुटलेला वर्ग अशी वाटणी होणार. मग टीव्ही जाहिरातीवर चिडून लिहिणारी माणसंही संपतील, कारण लिहिणाऱ्यांना ती दिसणारच नाही.

काय करता येईल, असं कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगते. आवाजाचं कलम ट्रायने एकदा लिहिलेलं आहे, ते शोधायला फार खोल जावं लागणार नाही. प्लॅनिंगपुरतं बोलायचं तर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रिक्वेन्सी डिस्ट्रिब्यूशन नावाचा तक्ता निघतो. एकदा पाहणारे किती, दोनदा किती, वीसदा किती, अशा पट्ट्या. तो बैठकीत दाखवायचा रिवाज नाही. एका खाद्यतेलाच्या मोहिमेत आम्ही तो दाखवला. ब्रँड मॅनेजर तरुण होता. त्याने शेवटच्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, ‘हे लोक कोण?’ कुणीतरी म्हणालं, दुपारचं पुनःप्रक्षेपण बघणारे, ते तर आपलेच आहेत. तो म्हणाला, मग त्यांना आणखी किती सांगायचं? आम्ही दुपारचे बरेच स्पॉट काढून टाकले, पैसे दुसरीकडे वळवले. विक्री वाढली नाही आणि कमीही झाली नाही. पुढच्या तिमाहीत त्याची बदली झाली. नव्या मॅनेजरने जीआरपीचा खर्च तपासला आणि दुपारचे स्पॉट परत घातले, कारण दुपारचा दर स्वस्त असतो.